शिंगाळा, ऊस आणि वहिनीचा रिपोर्ट

(बोलताना जसं आलं तसं टाइप केलंय. फक्त अडखळलेलं काढलंय.)

मी कसबा बावड्यातून बोलतोय. दरवेळी कोणीतरी विचारतंच म्हणून सांगतो, गगनबावडा वेगळा, तो घाटाच्या तोंडाशी. आमचा बावडा कोल्हापुरातच, पंचगंगेच्या काठाला, राजाराम बंधाऱ्याजवळ. गळीत हंगाम चालू आहे आणि कारखाना जवळ आहे, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये मध्येच ट्रॅक्टर आणि त्यावरचं गाणं येणार. ते एडिट करून काढायला बसलो होतो, दोन तास गेले, मग नाद सोडला. आणि आज त्या ट्रॅक्टरचा आपल्याला उपयोगही आहे.

मागच्या भागात मी वहिनीच्या रिपोर्टबद्दल बोललो होतो. तिला विचारूनच बोललो होतो, आजही विचारूनच बोलतोय. ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन वेळा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना संपायच्या आत गर्भ गेला. मग डॉक्टरांनी दोघांच्या रक्ताची एक तपासणी करायला लावली, कॅरिओटाइप म्हणतात तिला. त्यात पेशीतली गुणसूत्रं, म्हणजे क्रोमोसोम, मोजतात. दादाचा आकडा आला ४६. वहिनीचा ४५. रिपोर्ट देणाऱ्यानं पाकीट दिलं आणि पुढचा नंबर पुकारला, समजावून वगैरे कुणी काही सांगितलं नाही. घरी आल्यावर आत्याचं पहिलं वाक्य, "म्हणजे हिच्यात एक कमी आहे."

वहिनी काही बोलली नाही. आत जाऊन भाकरी थापायला लागली.

मी घरातला इंजिनिअर, म्हणून तो कागद माझ्या हातात आला. माझं बीटेक कॉम्प्युटरचं. पेशीबद्दल मला जेवढं माहीत होतं ते परीक्षेपुरतं. तिथून हे सगळं वाचन सुरू झालं, तो मागचा भाग झाला, आणि त्या भागावर देवगडहून एकाचा मेसेज आला. त्याच्या घरची होडी आहे. त्यानं लिहिलं, "दादा, माणसाचं ४६ कळलं. आमच्या शिंगाळ्यात किती?"

मला वाटलं, दोन मिनिटांत गुगल करून सांगू. तीन आठवडे लागले. का लागले, तेच आज सांगतो.

आधी मागच्या भागातली माझी एक चूक दुरुस्त करतो. मी बोलण्याच्या ओघात म्हणून गेलो होतो की प्राणी जितका प्रगत तितकी गुणसूत्रं जास्त. साफ चूक. आत्ता माझ्या खिडकीबाहेरून जो ऊस चाललाय ना, त्याच्या एका पेशीत माझ्या दुपटीहून जास्त गुणसूत्रं आहेत. आजच्या लागवडीच्या ऊसजातींत हा आकडा साधारण १०० ते १३० असतो. आणि आपल्याकडे राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात भेकर असतं बघा, कुत्र्यासारखं भुंकणारं हरीण. त्याच्या मादीत फक्त ६ गुणसूत्रं, नरात ७. सस्तन प्राण्यांत इतका कमी आकडा दुसरा सापडलेला नाही. आणि चीनमधलं त्याचंच भाऊबंद असलेलं छोटं भेकर मोजलं तर ४६, म्हणजे तुमच्या-माझ्याएवढी. दोन्ही हरणं शेजारी उभी केली तर तुम्हाला वाटणारही नाही की आत इतका फरक आहे.

मग हा आकडा नेमका कशाचा आहे? इथे ट्रॅक्टर घ्या. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. ऊस समजा दहा टन. तोच ऊस तुम्ही दोन ट्रॉल्यांत भरा, चार छोट्या ट्रॉल्यांत भरा, नाहीतर दोन ट्रॉल्या वेल्ड करून एकच लांबडी ट्रॉली करा. ऊस तेवढाच. गुणसूत्रांचा आकडा म्हणजे ट्रॉल्यांची मोजणी, टनांची नव्हे. (उसाच्या बाबतीत मात्र माल खरोखरच जास्त आहे, त्यात एकेका गुणसूत्राच्या अनेक प्रती असतात. ते प्रकरण वेगळं, आज त्यात शिरत नाही.) माझ्या धंद्यातलं सांगायचं तर सगळा कोड तोच, फक्त किती फाइल्समध्ये तोडलाय एवढंच.

वहिनीच्या रिपोर्टमध्ये हेच होतं. तेरा नंबरचं एक आणि चौदा नंबरचं एक गुणसूत्र एकमेकांना चिकटून एक झालेलं. जोडताना टोकाचा बारीकसा तुकडा गळतो, पण त्यातली माहिती इतर काही गुणसूत्रांवरही असते, म्हणून अडत नाही. माणूस ठणठणीत असतो. साधारण हजारातल्या एका माणसात अशी जोडणी असते आणि बहुतेकांना ती आयुष्यभर कळतही नाही. अडचण येते ती बीजपेशी तयार होताना. तिथे प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार शोधून शेजारी उभं राहावं लागतं. आता एक सुटं तेरा, एक सुटं चौदा, आणि एक जोडलेलं तेरा-चौदा. दोघांच्या रांगेत तिघं. बऱ्याचदा वाटणी बरोबर होते, मूल निरोगी होतं. कधीकधी चुकते, एखादं जास्त जातं किंवा कमी पडतं, आणि मग गर्भ टिकत नाही.

या जोडणीला रॉबर्ट्सोनियन म्हणतात. विल्यम रॉबर्टसन नावाच्या अमेरिकन माणसानं ती १९१६ साली नाकतोड्यांत दाखवली. नाकतोडे, भेकर, मासे, वहिनी, सगळीकडे तोच प्रकार. आपल्या सगळ्यांत तसली एक जुनी जोडणी आहेच: चिंपांझीत ४८ गुणसूत्रं, आपल्यात ४६, कारण आपलं दोन नंबरचं गुणसूत्र हे पूर्वजांतली दोन एकमेकांच्या टोकांना चिकटून झालेलं आहे. आत्याला मी हे सांगितलं. आत्या म्हणाली, "माकडाचं मला सांगू नकोस."

असो. आता शिंगाळा.

कोल्हापूर म्हणजे मटणाचं गाव, तांबडा-पांढरा वगैरे, पण आमच्या घरी रविवारी आलटून पालटून मासे असतात. ते येतात घाट चढून, बर्फात. शिंगाळा हा त्यातला गरिबाचा मासा. पापलेट-सुरमईची पाटी पुढे, शिंगाळा मागे. खवले नाहीत, तोंडाला मिशा, डोकं हाडाचं, आणि पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन दातेरी काटे. काटा विषारी, हातात घुसला तर माणूस रात्रभर कळवळतो, म्हणून जाळ्यातून काढल्या काढल्या कोळी आधी तो काटा मोडतात.

मिशावाल्या माशांच्या जगात हजारो जाती आहेत आणि बहुतेक सगळ्या गोड्या पाण्यातल्या. समुद्रात घर केलेली दोनच मोठी घराणी, त्यातलं एक शिंगाळ्यांचं. पूर्वज गोड्या पाण्यातले, हे समुद्रात उतरले, आणि गंमत म्हणजे यांच्यातले काही पुन्हा नद्यांत शिरले. एकदा नव्हे, अनेकदा, वेगवेगळ्या खंडांत. रिकार्डो बेतांकूर या कोलंबियन शास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर २००७ साली डीएनएवरून यांचा जो कुळवृक्ष मांडला त्यात हे स्पष्ट दिसतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या नद्यांत तर यांच्या कितीतरी गोड्या पाण्यातल्या जाती झाल्यात.

आणि दुसरी गोष्ट, जी ऐकून मी जेवता जेवता थांबलो. बांगडा हजारोंनी अंडी पाण्यात सोडून मोकळा होतो. शिंगाळ्याची मादी मोजकीच अंडी घालते, पण एकेक अंडं जवळजवळ गोटीएवढं. आणि नर ती सगळी तोंडात घेतो. पिल्लं बाहेर येऊन पोहायला लागेपर्यंत तोंडातच. कित्येक आठवडे बाप उपाशी. खाल्लं तर पोरं गिळली जातील. आमच्या मासेवाल्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "व्हय की, कधी कधी तोंडात पिवळ्या गोट्या घावतात. गाभोळी म्हणून लोक मागून घेतात." मी इतकी वर्षं शिंगाळा खातोय, मला हे माहीत नव्हतं.

आता आकडा. जगभरात आजवर मोजलेल्या शिंगाळ्यांत बहुतेकदा ५४ किंवा ५६ गुणसूत्रं सापडतात. देवगडच्या मित्रा, हे झालं तुझं उत्तर. पण पुढचं ऐक.

५६ हा आकडा महत्त्वाचा आहे. अर्जेंटिना आणि चिलीच्या नद्यांत डिप्लोमिस्टेस नावाचा एक मिशावाला मासा आहे, या सगळ्या माशांच्या फार जुन्या शाखांपैकी एक. त्याच्यात ५६. म्हणून अभ्यासकांचा अंदाज असा की मिशावाल्या माशांच्या मूळ पूर्वजातही ५६च्या आसपासच असावीत, दोन इकडे-तिकडे. म्हणजे शिंगाळा समुद्रात गेला, परत नदीत आला, नवीन जाती झाल्या, आणि ट्रॉल्यांचा आकडा जवळपास तोच राहिला. याउलट अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात कोरीडोरस मिळतो बघा, काचेच्या तळाशी खुडबुड करणारा छोटा मिशावाला? त्या एका गटात जातीजातींमध्ये हा आकडा सुमारे ४० पासून १३४ पर्यंत जातो.

तर शिंगाळ्यात बदल झालेच नाहीत का? झालेत. पण ते आकड्यात दिसत नाहीत. समजा एक ट्रॉली सोडली आणि उलटी फिरवून परत जोडली. ट्रॉल्या तेवढ्याच, मालाचा क्रम उलटा. गुणसूत्रांत असं होतं तेव्हा त्याची कंबर, म्हणजे दोन बाजू जिथे जुळतात ती बारीक जागा, सरकते. काही गुणसूत्रांची कंबर मध्यावर असते, काहींची टोकाला. मग ५४ आणि ५४ अशा दोन शिंगाळ्यांत एकाची मध्यावर कंबर असलेली गुणसूत्रं जास्त निघतात, दुसऱ्याची टोकाला असलेली. म्हणून अभ्यासक आकड्याबरोबर बाहूही मोजतात: कंबरेच्या दोन्ही बाजू नीट दिसत असतील तर दोन बाहू, टोकाला असेल तर एक. नुसता आकडा बघितला तर सगळे सारखे, बाहू मोजले तर घराणी वेगळी.

अशा बदलानं नवीन जात होते का, यावर वाद आहे. सरळ हिशेब असा की एखादी जोडणी छोट्या, एकटी पडलेल्या गटात पसरली, तर काही पिढ्यांनी आई आणि बाप दोघांकडूनही तीच येते. मग रांगेत पुन्हा जोडीला जोडी, काही अडत नाही. पण तो गट जुन्या गटाला भेटला तर त्यांच्या संकरित पोरांत तीच दोघांत तिसऱ्याची अडचण. मोठ्या समुद्रात, जिथे सगळे सगळ्यांत मिसळतात, असा बदल रुजणं अवघड. पण शिंगाळ्याची अंडी प्रवाहाबरोबर वाहत जात नाहीत, बापाच्या तोंडात असतात. त्यामुळे त्याचे गट एकेका खाडीला, एकेका किनाऱ्याला धरून राहत असतील, आणि आपल्या किनाऱ्यावर बघायला हवं ते हेच, असं मला वाटतं. हे माझं मत, मी मासेतज्ज्ञ नाही.

वहिनी हे ऐकत शेजारी शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "म्हणजे जोडलेली ट्रॉली घेऊन त्यांची पोरं होत्यात, पिढ्या चालत्यात." म्हटलं, हो. "मग आत्यांना मासा दाखव. माकड नको."

बरं, तीन आठवडे का लागले? दोन कारणं.

एक, मोजणं भयंकर किचकट आहे. गुणसूत्रं सुटी-सुटी दिसतात ती फक्त पेशी विभागत असताना. म्हणजे मासा जिवंत पाहिजे. त्याला कोल्चिसिन टोचतात, जे विभागणी मध्येच थांबवतं. हे विष आपल्या कळलावीतही असतं, पावसाळ्यात सह्याद्रीत झुडपांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते ती. काही तासांनी माशाच्या मूत्रपिंडाच्या पुढच्या भागातल्या पेशी काढायच्या, पातळ क्षाराच्या पाण्यात फुगवायच्या, मिथेनॉल आणि अ‍ॅसेटिक आम्लात पक्क्या करायच्या, काचेवर थेंब टाकायचा, रंग द्यायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो पेशींतून नीट पसरलेल्या शोधून मोजायचं. यात चुका होतात. माणसाची गुणसूत्रं ४८ आहेत असं १९२३ पासून तीस-पस्तीस वर्षं जग मानत होतं. १९५६ साली त्यिओ आणि लेवान या दोघांनी नीट मोजून ४६ सांगितली.

आता विचार करा. बर्फात झोपून, घाट चढून बावड्याला आलेला शिंगाळा. त्याचा डीएनए वाचता येईल, मांसाचा तुकडाही पुरतो. पण त्याच्या ट्रॉल्या मोजता येणार नाहीत, त्या बंदरावरच, मासा तडफडतोय तोवरच मोजायच्या. खोल पाण्यातला मासा जाळ्यातून जिवंत आणून लॅबमध्ये ठेवणं सोपं नाही. म्हणून नदीतल्या, तळ्यातल्या माशांचे आकडे भरपूर आणि समुद्रातल्यांचे तुटपुंजे. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भारतीय माशांच्या गुणसूत्रांचा फिश कॅरिओम नावाचा डेटाबेस केलाय, चांगलं काम आहे.

दुसरं कारण नावांचं. जुन्या कागदांत शिंगाळा टॅकिसुरस म्हणून येतो, नंतर एरियस, मग कुणी नेटुमा झाला, कुणी प्लिकोफोलिस. टॅकिसुरस हे नाव आता पूर्व आशियातल्या गोड्या पाण्यातल्या वेगळ्याच माशांना गेलंय. आमच्याकडे व्हेरिएबलचं नाव बदललं तर सगळीकडे बदलतं. इथे १९८०च्या पेपरमध्ये ज्याची गुणसूत्रं मोजली तो आजचा नेमका कोण, हे दरवेळी नव्यानं शोधायचं. आणि आपण काय कमी आहोत? नदीतल्या वेगळ्याच एका मिशावाल्या माशालाही आपण शिंगाळाच म्हणतो.

नाव आणि आकडा यांचा संबंध किती घट्ट असू शकतो ते मागूरवरून कळतं. भारतातल्या मागूरला आणि थायलंडकडच्या तशाच माशाला खूप वर्षं एकच शास्त्रीय नाव होतं, क्लेरियस बॅट्राकस. गुणसूत्रं मोजली तर भारतातल्यात ५०, थायलंडमधल्यात १०४. एक जात कशी असेल? आज आपल्याला क्लेरियस मागूर असं वेगळं नाव मान्य आहे. आणि बाजारात 'थाई मांगूर' म्हणून जो विकला जातो, ज्याच्यावर देशात बंदी आहे आणि ज्याची तळी उजनीच्या बाजूला मत्स्यव्यवसाय विभागानं उद्ध्वस्त केल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, तो तर आफ्रिकन. त्याच्यात ५६. आफ्रिकन आणि देशी यांचा संकर केला तर पोरांत येतात ५३: निम्मी २८, निम्मी २५, आणि तीन बिनजोडीची. एका 'मांगूर' या शब्दाखाली किती माणसं, म्हणजे किती मासे, लपलेत बघा.

शिंगाळ्याच्या बाबतीत हे नुसतं पुस्तकी नाही. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आली. अख्खा थवा वेढून उचलणारी. १९८०च्या दशकात केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवलं की या जाळ्यांत तोंडात अंडी घेतलेले नर मोठ्या संख्येनं येतायत. जाळं आवळलं की नर घाबरून अंडी ओकतो. बाप आणि पोरं एकाच वेळी डेकवर. ज्या माशाला मोजकीच अंडी होतात त्याला असे दोन-तीन हंगाम पुरतात. नैऋत्य किनाऱ्यावरचं शिंगाळ्याचं उत्पादन त्यानंतर कोसळलं.

आणि बंदरावरच्या नोंदीत तो बऱ्याचदा एकाच रकान्यात जातो, सगळे मिशावाले मिळून. आपल्या किनाऱ्यावर मोठा नेटुमा थलासिना आहे, प्लिकोफोलिसच्या जाती आहेत, एकच जोडी ताठ मिशा असलेला 'शिपाई' शिंगाळा आहे, खाडीतले छोटे एरियस आहेत. यातला एक संपत आला आणि दुसरा जास्त मिळायला लागला तर बेरीज तीच दिसेल. ट्रॉल्या तेवढ्याच, आतला माल बदललेला.

देवगडच्या मित्राला मी हे सगळं लिहून पाठवलं. त्यानं एवढंच लिहिलं, "आजोबा म्हणायचे शिंगाळे पाच प्रकारचे. मला तीनच ओळखता येतात." मी विचारलं, उरलेले दोन आता मिळत नाहीत का, की तुला ओळखू येत नाहीत? तो म्हणाला, "तेच कळत नाय."

तर किनाऱ्यावर कोणी ऐकत असाल तर एक काम करा. शिंगाळा दिसला की डोक्याचा वरून एक फोटो, मिशांचा एक, बंदर आणि तारीख. तुमच्याकडे त्याला काय म्हणतात तेही. तोंडात अंडी असतील तर तेही लिहा. रत्नागिरीच्या शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे शिकणारं कोणी ऐकत असेल तर मला मेसेज करा, हे फोटो ओळखायला मला मदत लागणार आहे. मिशी आणि मिशी यातला फरक अजून मला कळत नाही.

वहिनीबद्दल खूप जणांनी विचारलंय. ती बरी आहे. पुढच्या महिन्यात आनुवंशिकी समुपदेशकाची वेळ घेतली आहे, दोघं जाणार आहेत. प्रश्नांची यादी तिनं स्वतः वहीत लिहिली आहे, मला दाखवली नाही.

ट्रॅक्टर आला परत. हा दोन ट्रॉल्यांचा आहे. थांबतो इथंच.